पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची

वस्ताद, आधी निकाल सांगते, मग बाकीचं. खटला तुम्ही जिंकलात. भर हॉलमध्ये, सत्तर-ऐंशी माणसांसमोर जिंकलात, आणि विरुद्ध पक्षाची वकील म्हणून मी स्वतः उभी राहून टाळ्या वाजवल्या. काल तुम्ही गेल्याचा चाळिसावा दिवस झाला. तेव्हापासून हे तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय. आज सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले, तुमच्या बाल्कनीकडे वळून हाक मारायला तोंड उघडलं आणि मग आठवलं. आत आले आणि लिहायला बसले.

तुमच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातले नामवंत वकील, पुढे परराष्ट्र खात्यात, तीन देशांत राजदूत, अरबी लघुकथेत मोठं नाव, निवृत्तीनंतर ओटाव्यात वास्तव्य. सगळं खरं आहे. पण त्यात मिरच्या नव्हत्या, म्हणून मला ते कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल वाटलं.

मिरच्यांपासूनच सुरू करते. आठ वर्षं झाली. आपल्या कॉन्डोच्या बोर्डानं मला नोटीस पाठवली, बाल्कनीत खाद्यपदार्थ वाळवायला मनाई आहे म्हणून. मी सांडगी मिरची घातली होती. तो कागद हातात धरून, तणतणत लिफ्टमध्ये शिरले तर आत एक उंच, पांढऱ्या मिशांचे, उन्हाळ्यात टाय लावलेले गृहस्थ. त्यांच्या हातातही तोच कागद.

"मादाम, तुमचा गुन्हा काय?" तुम्ही विचारलंत.

"मिरची."

"माझाही. मी तुमचं वकीलपत्र घेतो."

मी म्हटलं, गरज नाही, मला बोलता येतं, मी शिकलेली आहे. तुम्ही मान झुकवून म्हणालात, "दोन्ही आरोपी वकील. मग जिंकणं अवघड आहे."

बेसमेंटच्या पार्टी रूममध्ये बोर्डाची मीटिंग होती. लोक शॉर्ट्स घालून आले होते, तुम्ही काळा सूट घालून. अर्धा तास बोललात. मिरची कुटेपर्यंत ती खाद्यपदार्थ नसतेच, दोऱ्यात ओवून टांगली की ती सजावट असते, आणि सजावटीला नियमात परवानगी आहे, असं तुम्ही इतक्या गंभीरपणे मांडलंत की बोर्डाच्या अध्यक्षीणबाई हसता हसता हरल्या. सजावट वाटली पाहिजे एवढी अट घातली. म्हणून आजही मी सांडग्या मिरच्यांची माळ करून वर लाल रिबिनीचं फूल बांधते. इचलकरंजीत माझ्या आईला तो फोटो पाठवला तर ती म्हणाली, मिरच्यांचं लगीन लावलंस का?

तुमच्याकडे वकिलाला उस्ताद म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत. आमच्याकडे तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला तुमचं आवडलं. तेव्हापासून तुम्ही वस्ताद.

आणि कुस्ती खरंच झाली, वस्ताद. दर रविवारी दुपारी दोनला.

बाहेरच्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. तुम्ही गोष्ट लिहून झाली की लगेच कुणाकडे पाठवत नव्हतात. आधी सुनावणी. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी तीन खुर्च्या. एक तुमची, एक माझी, तिसरी रिकामी. ती गोष्टीतल्या माणसाची. त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही, त्याला समोर बसवून बोलायचं, हा तुमचा नियम. तुम्ही अरबीतली गोष्ट इंग्रजीत तोंडी सांगायचात, मध्येच फ्रेंचमध्ये शिरायचात, आणि मी विरुद्ध पक्ष. कुठं खोटं वाटलं की आक्षेप घ्यायचा. तुम्ही कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचात, आक्षेप मान्य, किंवा आक्षेप फेटाळला. मध्ये चहा, पुदिन्याचा, वर पाइनच्या बिया तरंगणारा. पहिल्यांदा मी त्या चमच्यानं काढून बशीत ठेवल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. राजदूत होतात ना.

बंदरावरच्या विधवेची गोष्ट आठवते? ती कस्टमच्या माणसाला घरी जेवायला बोलावते आणि दोन प्रकारचं गोड करते. मी म्हटलं, पहाटेपासून राबणारी बाई दोन प्रकार करत नाही, एकच करते आणि दोन ताटल्यांत वाढते. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि माझ्याकडे इतक्या आनंदानं बघितलंत, जणू मीच ती गोष्ट लिहिली. म्हणालात, माझे सगळे वाचक सभ्य आहेत, तू नाहीस, तू दर रविवारी येत जा.

मला सभ्यपणा जमत नाही हे खरं आहे. आप्पा यंत्रमागावर, आई कांड्या भरायची, घरात पदवी मिळवणारी मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काहीजणींना ते मिरवल्यासारखं वाटतं. मिरवतेच मी. तुम्हाला तर दुसऱ्याच रविवारी सांगितलं होतं. पुढं कधीतरी पदवीदानाचा सगळा दिवस सांगितला. कोल्हापूर, मोठा मांडव, झाडांना बांधलेले कर्णे. आप्पांना मालकानं रजा दिली नाही, म्हणून त्यांची निमंत्रणपत्रिका मी मामाला दिली. माझं नाव दोनदा पुकारावं लागलं, कारण पहिल्यांदा माझे पायच हलले नाहीत. त्यावरून आप्पा मला अजून चिडवतात, दोनदा हाक मारल्याशिवाय आमची पोरगी उठत नाही म्हणून.

तुम्ही चहाचा पेला फिरवत ऐकत होतात. मग अगदी सहज विचारलंत, आप्पांना खजूर पाठवायचाय, पत्ता दे.

मी भोळी. दिला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते जगाच्या पाठीवर फक्त असा माणूस करू शकतो, जो आयुष्यभर आधी वकील, मग राजदूत आणि लपून लेखक होता. तुम्ही आप्पांना गोष्टीत घेण्याची परवानगी मागणारं पत्र तयार केलंत. जाड कागद, खाली लाल लाखेचं सील, त्यातून काढलेली रिबीन. मराठी करून घेतलंत शेजारच्या टॉवरमधल्या डॉक्टर आपट्यांकडून. डॉक्टर पन्नास वर्षांपूर्वी इथं आले. त्यांचं मराठी त्यांच्याबरोबर आलं आणि आलं तसंच राहिलं. त्यांनी लिहिलं, 'सदर इसमाच्या आयुष्यातील घटनेचा उपयोग करण्यास इसमाची हरकत आहे किंवा कसे, ते मुदतीत कळवावे.' आणि ते तुम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवलंत. खजुराच्या आधी पोचलं.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत रजिस्टर पत्र म्हणजे कोर्ट. पोस्टमननं सही घेतली तेव्हाच आईनं भाकरीचं पीठ झाकून ठेवलं. आप्पांनी वाचलं ते एवढंच, कॅनडा, इसम, हरकत, मुदत. आणि लाल सील. मी इथं ओटाव्याच्या कनाटा भागात, ऑफिसमध्ये सकाळच्या मीटिंगमध्ये उभी होते. फोन आला. आप्पा कधी ऑफिसच्या वेळेत फोन करत नाहीत.

"बाई, तुला धरलंय का?"

संध्याकाळी मी तुमचं दार वाजवलं नाही, ठोकलं. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणालात, माणसाला विचारल्याशिवाय मी गोष्टीत घेत नाही. मी म्हटलं, मग फोन करायचा होता. तुम्ही म्हणालात, फोनवर सही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रीतसर माफी मागितलीत. व्हिडिओ कॉलवर, काळा सूट, छातीवर कुठल्याशा राष्ट्राध्यक्षांनी दिलेलं पदक, शेजारी डॉक्टर आपटे भाषांतराला. उभं राहून मागितलीत. पदक बघून आप्पा आणखी घाबरले, त्यांना वाटलं आता मोठे न्यायाधीश आले. मग तुमच्या मागं टांगलेली मिरच्यांची माळ त्यांना दिसली. विचारलं, साहेब, हिला कीड लागत न्हाई का? आणि बोलणं मिरचीवर गेलं. मला मीटिंग होती. मिरचीवर बोलणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना तसंच सोडून मी ऑफिसला गेले.

तिथं मी चुकले, वस्ताद. पण ते परवापरवापर्यंत मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात सुनावणी लागली. तुम्ही गोष्ट स्फाक्सला नेली होती. माग नव्हता, तेलाचा घाणा होता. कापूस नव्हता, ऑलिव्हच्या तेलाचा वास होता. घाण्यावरचा मजूर, त्याची घरातली पहिली शिकलेली मुलगी, पदवीदान. बाप रजा नाही म्हणून येणार नसतो. पण येतो. आत जात नाही. कुंपणाबाहेर, झाडाखाली उभा राहतो. झाडावरच्या कर्ण्यातून मुलीचं नाव पुकारलं जातं. तुमच्याकडेही नावात बापाचं नाव येतं, तसं ते येतं, आणि बाप मागं वळून बघतो, आपल्याला कोण हाक मारतंय म्हणून. गोष्ट तिथं संपते.

तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे मी बघितलंच नाही.

"खोटं आहे," मी म्हटलं.

"कुठं?"

"सगळंच. माझे आप्पा आले असते तर पहिल्या रांगेत बसले असते. कुंपणाबाहेर उभं राहणारा माणूस नव्हे तो. आणि स्वतःचं नाव ऐकल्यावर कुणी मागं बघतं का? पुढं बघतं. हे सिनेमातलं आहे, वस्ताद. काढा."

"आक्षेप फेटाळला."

"कशाच्या आधारावर?"

"साक्षीदार आहे."

"त्या दिवसाची साक्षीदार मी. दुसरं कोण आहे?"

तुम्ही पेन्सिल बोटांत फिरवलीत, एकदा, दोनदा. "नाव सांगता येणार नाही."

आणि त्यावर मी जे म्हटलं ते तुम्हाला आठवतंय, मलाही आठवतंय. मी म्हटलं, तुमच्यासारखे लोक गरीब माणसाला आणखी गरीब करून विकतात. चहा तसाच ठेवून मी उठले. तुम्ही पेले गोळा करायला लागलात. तुमची पाठ माझ्याकडे होती.

त्यानंतर सगळा हिवाळा आपण लिफ्टमध्ये भेटलो. तुम्ही दार धरून ठेवायचात आणि म्हणायचात, मादाम. सात वर्षं मंगल म्हणत होतात आणि पुन्हा मादाम. बाहेर उणे पंचवीस असायचं तरी मला त्या एका शब्दानं जास्त गारठल्यासारखं व्हायचं. पण मी काय कमी आहे? मीही म्हणायचे, गुड मॉर्निंग सर. मंडळाच्या संक्रांतीला डॉक्टर आपटे दिसले तर ते तिळगूळ देऊन दुसऱ्या टोकाला निघून गेले. मला वाटलं, तुमची बाजू घेतायत.

एप्रिलमध्ये माझ्या दाराला एक पाकीट अडकवलेलं सापडलं. आत मिरचीचं बी. चिठ्ठी नाही. मी ते पेरलं आणि पुढच्या रविवारी दोनला येऊन बसले. तुम्ही चहा ओतलात. त्या गोष्टीचं नाव ना तुम्ही काढलंत ना मी. विकतात हा शब्द मी परत घेतला नाही. घ्यायचा होता. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज नको, आज मजा येतेय.

ऑगस्टमध्ये मी क्लायंटकडे दूर दुसऱ्या शहरात, रिचमंड हिलला होते, आठवडाभर. तुमच्या मुलीचा, सलमाचा फोन आला, बाबा गेले, झोपेतच. ती ग्वेल्फहून पोचली, पण मी वेळेत पोचले नाही. तुमच्यात थांबवत नाहीत. मी बसनं ओटाव्यात उतरले तेव्हा लोक दफन करून परतत होते. मी तुमच्या बाल्कनीत गेले. मिरच्या लाल झाल्या होत्या. त्या तोडून सलमा आणि मी ओवत बसलो. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

आता ऐका, कारण यापुढचं तुम्हाला माहीत नाही. म्हणजे निम्मं तुम्हीच घडवून ठेवलंत, पण पुढं काय झालं ते माहीत नाही.

सलमानं तुमच्या शेवटच्या संग्रहाची फाइल काढली. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्याला तुमची एक गोष्ट वाचायची होती, आणि त्यानंतर पुस्तक प्रकाशकाकडे जाणार होतं. बाकी सगळ्या गोष्टी पक्क्या होत्या. एकीला मात्र दोन शेवट होते. एकात कुंपण. दुसऱ्यात बाप घाण्यावरच राहतो आणि मुलगी घरी येऊन त्याला सगळा समारंभ सांगते. दुसरा ताजा होता. त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, आक्षेप मान्य. खाली, मंगलची परवानगी असल्याशिवाय पहिला शेवट छापू नये.

सलमानं विचारलं, मंगल, कोणता?

मी क्षणभरही थांबले नाही. दुसरा, म्हटलं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. तुम्ही गेलात आणि मी जिंकल्याचा आनंद करत होते. सलमा एवढंच म्हणाली की दुसरा शेवट मेलेला आहे, बाबांनी असं वाक्य कधी लिहिलं नसतं, पण तुझा शब्द शेवटचा.

मग तिनं दुसरा कागद काढला. हसू आवरत नव्हतं तिला. तुम्ही स्वतःच्या चाळिसाव्याला कोण कुठं बसणार त्याचा तक्ता करून ठेवला होतात. कुठला निवृत्त राजदूत कुठल्या निवृत्त राजदूताशेजारी बसता कामा नये, इथपर्यंत. पहिल्या रांगेतली दुसरी खुर्ची सलमाची, तिसरी माझी, चौथी डॉक्टर आपट्यांची. आणि पहिली?

"हे कोण आहेत? येणार आहेत का?" सलमानं विचारलं.

पहिल्या खुर्चीवर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, श्री. दत्तू शेवाळे, इचलकरंजी. खाली सूचना. गोष्टीचं वाचन संपलं की माइकवरून यांचं नाव घ्यावं.

मी म्हटलं, हे माझे वडील आहेत. यांची नि त्यांची एकदाच गाठ पडली, फोनवर, मिरचीबद्दल.

पण सांगतानाच मला कळलं की हे खरं नसणार. तुम्ही उगाच कुणाला पहिल्या खुर्चीवर बसवत नाही. बसवलंय म्हणजे त्याला कारण आहे, आणि ते तुम्हाला तोंडानं सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी आप्पांना फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती, मागाचा आवाज येत होता. तुम्ही गेल्याचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं आणि तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं होतं. मला वाटलं, वय झालंय. आता खुर्चीचं सांगितलं. आप्पा गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले असावेत, मागाचा आवाज कमी कमी होत गेला.

"ते माझं वकील हुतं," ते म्हणाले.

"कशाचे वकील?"

"मी वकीलपत्र दिलं हुतं त्यास्नी. बोलण्यातनं. आपटे डॉक्टरांनी हात वर करून शपथ घेतली, कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

त्या माफीच्या दिवशी मी मीटिंगला गेल्यावर तुम्ही आप्पांना विचारलंत, मुलीचं नाव दोनदा पुकारलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? वस्ताद, वीस वर्षं आप्पा मला ज्यावरून चिडवतात, त्यात मला कधी काही दिसलं नाही. तुम्ही एकदा ऐकलंत आणि पकडलंत. मामा तर ऐनवेळी गेलाच नव्हता, हे मला परवा कळलं. मी स्वतः आप्पांना सांगितलेलं नव्हतं, लाजेनं. मग उरलं कोण?

आप्पांनी सांगायला कबूल केलं, पण पोरीला कळता कामा नये म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग मला वकील करा, अशिलाचं गुपित वकील मरेपर्यंत सांगत नाही.

"मालकानं ऐनवेळी सोडलं बघ," आप्पा सांगत होते. "तसाच पळालो, यष्टी धरली. गेटवर पत्रिका मागितली. तो म्हणाला, पोरीला बोलवा भाईर. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. तुझ्या मैत्रिणी असतील संगं, माझ्या डोक्यात कापूस तसाच. झाडाखाली उभारलो. आन् कर्ण्यातनं माझंच नाव आलं की गं. मंगल दत्तू शेवाळे. मी मागं बघितलं, आपल्याला हितं कोण वळकतंय म्हणून. दुसऱ्यांदा पुकारलं तवा समजलं, आपलं न्हवं, तुझं हाय."

मी किचनमध्ये उभी होते. मला विचारावंसं वाटलं, मग कधी बोलला का नाहीत? विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी आप्पा हॉस्टेलवर डबा घेऊन आले होते, आणि मी मैत्रिणींसमोर म्हटलं होतं, आप्पा, पुढच्या वेळी येताना डोकं झटकून या. एवढंच. मी ते विसरूनही गेले होते.

हे तुमच्या गोष्टीत नाही. आप्पांनी तुम्हाला सांगितलं नाही, की सांगितलं आणि तुम्ही माझ्यासाठी काढून टाकलंत? हा एक प्रश्न मी आप्पांना कधी विचारणार नाही. तुम्हालाही विचारला नसता. पण तेलाचा घाणा लिहिलात, त्यात तो मजूर गेटजवळ येऊन हात पँटला पुसतो आणि वास घेऊन बघतो. ते मी सलमाच्या इंग्रजी भाषांतरात आता चाळीस वेळा वाचलंय.

सगळा हिवाळा तुम्ही मादाम म्हणत दार धरून उभे होतात. एक वाक्य बोलला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते. बोलला नाहीत, कारण तुम्ही माझ्या बापाचे वकील होतात. राजे, मंत्री सांभाळून आलेल्या माणसानं इचलकरंजीच्या एका माग कामगाराचा शब्द सांभाळला, आणि त्यापायी स्वतःच्या गोष्टीचा शेवट मारून टाकला. विकतात म्हटलं होतं मी. तो शब्द परत घेते, वस्ताद. इथं लिहून घेते, सही करून. फोनवर सही नसते.

आप्पांना विचारलं, छापू का, कुंपणाची गोष्ट? ते म्हणाले, वकील गेलं, आता खटला तू चालीव. मी सलमाला फोन केला. पहिला शेवट, म्हटलं. ती किंचाळली.

काल सकाळी दहाचा कार्यक्रम. तक्त्याप्रमाणे सगळे बसले, दोन्ही राजदूत लांब लांब. डॉक्टर आपटे माझ्याजवळ आले, म्हणाले, "संक्रांतीला पळालो त्याची क्षमा असावी, मी शपथबद्ध होतो." मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुमच्या त्या 'सदर इसम'नं माझ्या आईची भाकरी बुडाली होती, त्याची क्षमा आधी मागा. पहिल्या खुर्चीवर मी माझा फोन ठेवला, तुमच्या चहाच्या पेल्याला टेकून. फोनमध्ये आप्पा. तिकडं साडेसात वाजले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, दाढी केलेली. डोकं ओलं होतं. धुऊन बसले होते.

सलमानं गोष्ट इंग्रजीत वाचली. आप्पांना इंग्रजी येत नाही, आणि गोष्टीत नेमकं काय लिहिलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, साक्षीदाराला कुणी पढवलं नव्हतं. ते नुसते ताठ बसून होते, समारंभात बसतात तसे. बाप मागं वळून बघतो तिथं गोष्ट संपली.

मग सलमानं तुमची सूचना पाळली. माइकजवळ वाकली, कागदावर एकदा बघितलं आणि सावकाश, एक एक अक्षर जपून म्हणाली, श्री. दत्तू शेवाळे.

सगळ्यांनी पहिल्या खुर्चीकडे बघितलं. मीही बघितलं. फोनच्या त्या एवढ्याशा चौकटीत आप्पांनी मान उचलली, आणि मागं वळून बघितलं. मागं भिंत होती, कॅलेंडर होतं. दुसरं कुणी नव्हतं.

"दुसऱ्यांदा म्हण," मी सलमाला सांगितलं.